यात्रेचं चित्रीकरण आणि मामांची वही

मामांच्या घरी लोखंडी कपाटात एक व्हीएचएस कॅसेट आहे. गावच्या मागच्या महालक्ष्मी यात्रेची. बावीस वर्षांपूर्वी गावानं व्हिडिओवाला आणून शूटिंग करून घेतलं होतं, आणि त्याची एक प्रत मामांनी वेगळे पैसे देऊन मागून घेतली होती, कारण तीत आजी आहे. देवीची ओटी भरताना. गेल्या वर्षी जानेवारीत मी ती कॅसेट बाहेर काढली, पुढची झडप वर केली, तर फितीच्या कडेनं पांढरी बुरशी. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातला पावसाळा ज्यांनी काढलाय त्यांना नवल वाटणार नाही. चार महिने भिंतींना ओल असते, पेटीतल्या लुगड्यांनासुद्धा वास येतो. बेळगावात दोघांना कॅसेट दाखवली. एकानं यंत्राला लावायलाच नको म्हटलं, बुरशी फीत वाचणाऱ्या हेडला धरते म्हणून. दुसऱ्यानं हळूहळू पुसून चालवली. पहिली अकरा मिनिटं निघाली. रथ निघाला, वाजंत्री निघाली, पुढं चित्र फाटत गेलं. आजी त्या पुढच्या भागात होती.

मामा शेजारी बसून बघत होते. कॅसेट परत डब्यात घालत म्हणाले, "ह्या खेपेला तू शूटिंग करणार न्हवं? मग हे असं होऊ नये म्हणून काय करणार आहेस ते मला आधी सांग."

मी बेळगावात शहापूरला राहतो, आठ वर्षं लग्नकार्यांच्या व्हिडिओचं काम करतो. लग्नातलं चित्रीकरण संपलं की रात्री घरी येऊन कार्डं उतरवायची ही माझी रीत. गावची यात्रा मात्र नऊ दिवसांची, आणि पुन्हा कधी होईल ते कुणी सांगू शकत नाही. आमच्या भागात एकेका गावाची लक्ष्मी यात्रा कित्येक वर्षांनी येते. गाव पैसा जमवतं, घरं रंगवतं, लेकीबाळींना बोलावणी जातात, मग रथ उभा राहतो. यात चुकलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊ असं म्हणायची सोय नाही. त्यामुळं जागच्या जागी, गावातच, रोजच्या रोज प्रती करायच्या असं ठरवलं. ते कसं केलं, कुठं अडलं, आणि एकदा किती थोडक्यात वाचलो, ते इथं लिहितोय.

आधी कागदावर हिशेब केला. दोन कॅमेरे, दोन्ही ४के, सेकंदाला १०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठानं भागलं की साडेबारा मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५ जीबी. १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तास पुरतं. रोज दोन्ही कॅमेऱ्यांचं मिळून चार तास खरं चित्रीकरण धरलं तर १८० जीबी, आणि नऊ दिवसांचं १,६२० जीबी. ही झाली एक प्रत. एवढी कार्डंच विकत घेऊन ती न पुसता ठेवायची असती तर तेरा लागली असती, आणि तरीही प्रत एकच राहिली असती. हरवलं तर गेलं.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम या धंद्यात बहुतेकांना ऐकून माहीत असतो. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. तो नियम घरच्या टेबलावर पाळणं सोपं आहे. कौलारू घरात, पाहुण्यांनी भरलेल्या माजघरात, लाईटचा भरवसा नसताना पाळायचा तर सामान नीट निवडावं लागतं. मी घेतलं ते असं: १२८ जीबीची सहा कार्डं, एक-एक टीबीच्या, म्हणजे हजार जीबीच्या, दोन एसएसडी (फिरती तबकडी नसलेल्या डिस्का), कोल्हापूरच्या मित्राकडून मागून आणलेली दोन टीबीची एक पोर्टेबल हार्ड डिस्क, लॅपटॉप, दोन कार्ड रीडर, आणि लॅपटॉप चार्ज करू शकेल असा २०,००० एमएएचचा पॉवर बँक.

मित्राची ती हार्ड डिस्क खास या कामासाठीच बनवलेली. तिला कार्डाची फट आहे, आत बॅटरी आहे. कार्ड घातलं, बटण दाबलं की लॅपटॉपशिवाय सगळं आत उतरतं. दिवे लुकलुकत राहतात, काम झालं की एक दिवा स्थिर होतो. मला ती फार आवडली होती, सगळं तिच्यावरच करावं असा विचार होता. पहिल्याच दिवशी तो बदलला, आणि त्याला कारण मामा.

मामा पंचवीस वर्षं गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या नावापुढं लिटर, फॅट आणि सही. संगणकाला त्यांनी कधी हात लावलेला नाही. भाताची पोती एका अंगाला सारून त्यांनी मला आतली खोली मोकळी करून दिली, टेबलावर धुतलेला पलंगपोस घातला, आणि स्वतः शंभर पानी वही घेऊन समोर बसले. पहिलं कार्ड त्या डिस्कला लावलं, तीन दिवे लागले, काही वेळानं स्थिर झाले. मी म्हटलं, "झालं मामा."

"किती उतरलं?"

"सगळं."

"सगळं म्हणजे किती? आकडा सांग की. मी लिहिणार काय?"

आकडा माझ्याकडं नव्हता. दिव्याला आकडा नसतो. लॅपटॉपला जोडून बघितल्यावर नग जुळले, काही चुकलेलं नव्हतं, पण मामांचा प्रश्न बरोबर होता आणि तो मला अगोदर पडायला हवा होता. त्या दिवसापासून ती डिस्क मी साध्या हार्ड डिस्कसारखी लॅपटॉपलाच जोडून वापरली. एका बटणाची सोय अडीनडीला राखून ठेवली.

मग मामांना समजावून सांगताना मलाच ती गोष्ट जास्त स्पष्ट झाली. कार्डावरच्या क्लिप मोजल्या, डिस्कवरच्या मोजल्या, दोन्हीकडं जीबी सारखे आले, तर ते झालं लिटर. पण लिटर जुळलं म्हणून दूध जुळलं असं सोसायटीत कुणी मानत नाही. फॅट बघावं लागतं. फाइलीचं फॅट म्हणजे चेकसम. प्रोग्राम मूळ फाइल पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो आणि तिच्यावरून एक छोटी खूण काढतो, अंक आणि अक्षरांची एक ओळ. प्रत झाल्यावर तीच खूण प्रतीवरून पुन्हा काढतो. आत एक ठिपका जरी बदलला असला तरी खूण वेगळी येते. विंडोजवर मी त्यासाठी टेराकॉपी वापरतो. कॉपी झाल्यावर पडताळणीही कर असं त्याला सांगून ठेवायचं. मामांनी वहीत रकाने आखले: तारीख, कॅमेरा, कार्ड, नग, जीबी, 'फॅट', आणि सही. 'फॅट'च्या रकान्यात पडताळणी झाली की बरोबरची खूण. नऊ दिवस त्या रकान्याला त्यांनी दुसरं नाव दिलं नाही, आणि मीही सुचवलं नाही.

वेळेचा अंदाज सांगतो, कारण इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. माझी कार्डं साधारण सेकंदाला ९० मेगाबाइट वाचली जातात. भरलेलं १२८ जीबीचं कार्ड एसएसडीवर उतरायला पंचवीस मिनिटं. एसएसडी वेगवान असल्यामुळं पडताळणीला पाच-सात मिनिटं. तिथून ती तपासलेली प्रत हार्ड डिस्कवर न्यायला वीस-बावीस, पुन्हा पडताळणीला तेवढीच. सव्वा तास झाला. दिवसाला दोन कार्डं उतरवावी लागत होती, मुख्य दिवसांत चार-पाच. म्हणजे हे काम चित्रीकरणाच्या मधल्या फटीत उरकण्यासारखं नाही, त्याला माणूस लावावा लागतो. मी मावसभावाला बरोबर घेतलं होतं. तो टिळकवाडीला कॉलेजात शिकतो, हात चटपटीत. कार्ड आणणं, रीडरला लावणं त्याच्याकडं, आणि वही मामांकडं.

कार्डं ठेवायला मामींनी खणाच्या उरलेल्या तुकड्यांचे दोन बटवे शिवून दिले, एक हिरवा, एक तांबडा. मोकळी कार्डं हिरव्यात, भरलेली तांबड्यात. तांबड्यात जाण्याआधी कार्डाच्या कडेची लॉकची खिट्टी खाली ओढायची. म्हणजे चुकून कॅमेऱ्यात गेलंच तरी कॅमेरा लिहायला नकार देतो. तांबड्यातून हिरव्यात जायची परवानगी फक्त मामांची, तीही त्या कार्डाच्या ओळीवर दोन्ही डिस्कांची खूण झाल्यावर.

नवी कार्डं आणि डिस्का मी गावाला न्यायच्या आधी घरी काठोकाठ भरून परत वाचून बघतो, हेही सांगायला हवं. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्राम त्याला पुरतो. खोट्या क्षमतेचा माल बाजारात येतो. वर १२८ छापलेलं, आत ३२. लिहून घेताना तो माल काही कुरकुर करत नाही, पण ३२ च्या पुढचं सगळं हवेत जातं. मी सहा कार्डं घेतली त्यातलं एक असं निघालं. घरी वेळ घातला म्हणून कळलं, बदलून घेतलं.

आता तिसरा दिवस.

तिसऱ्या दिवशी माहेरवाशिणींच्या ओट्या होत्या. पहाटेपासून गदगेसमोर, म्हणजे देवी बसवलेल्या जागेसमोर, रांग लागली. मुंबईहून, पुण्याहून, गोव्याहून आलेल्या लेकी, हातात खण-नारळाचं ताट, कडेवर पोरं. माझी आईही त्या रांगेत होती. मी एक कॅमेरा देवीच्या बाजूला लावून दुसरा हातात घेतला होता. सकाळीच हातातल्या कॅमेऱ्याचं एक कार्ड भरलं, ते मावसभाऊ घेऊन गेला. अकराच्या सुमाराला दुसरं गेलं. आणि साडेअकराला लाईट गेली. मंडपाचं वायरिंग बघणारा कानडी इलेक्ट्रिशियन दारातून डोकावून "करंट होय्तु री" म्हणाला आणि दोन बोटं दाखवून गेला. दोन तास.

लॅपटॉप आदल्या रात्रीपासून चालू होता, त्याची बॅटरी उतरलेली. पॉवर बँकेचा हिशेब असा की २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर. कॉपी चालू असताना लॅपटॉप तीस-चाळीस वॅट ओढतो, वाटेतली गळती धरून दीड तास. तो मी संध्याकाळसाठी राखून ठेवायला सांगितला होता. मावसभावानं डोकं चालवलं. फोनला हब लावला, हबला रीडर आणि एसएसडी, आणि फोनवरून कॉपी सुरू केली. कल्पना चुकीची नव्हती, असं करता येतं. फक्त त्याच्या फोनचं टाइप-सी भोक आतून यूएसबी २.० होतं, बऱ्याच मध्यम किमतीच्या फोनांचं तसंच असतं, आणि त्यावर सेकंदाला पस्तीस-चाळीस मेगाबाइटच्या वर वेग मिळत नाही. एका कार्डाला जवळजवळ तास. फोन भाकरीच्या तव्यासारखा तापलेला.

दुपारी जेवायला आलो तर तो खुशीत होता. "दोन्ही कार्डं झाली दादा. मोजलं पण. कार्डात ३७, इकडं ३७."

मी मान डोलावली. संध्याकाळी पालखी होती, मोकळी कार्डं हवी होती. मी हात पुढं केला. मामांनी बटवा दिला नाही. वही उघडून बोट फिरवत राहिले.

"पहिल्या कार्डात किती होतं?"

"२८."

"ते कुठं टाकलंस?"

"त्याच फोल्डरमध्ये मामा. एकाच कॅमेऱ्याचं न्हवं का."

"मग २८ आणि ३७ किती?"

मावसभाऊ बोलायचा थांबला. मलाही एक क्षण लागला. पासष्ट व्हायला हवे होते. त्या फोल्डरमध्ये सदतीस होते.

झालं होतं ते असं. आमच्या कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट केलं की क्लिपांची नावं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. सी०००१, सी०००२ असं. पहिल्या कार्डावर सी०००१ ते सी००२८. दुसऱ्या कार्डावर सी०००१ ते सी००३७. दुसरं कार्ड त्याच फोल्डरमध्ये टाकताना फोननं विचारलं, याच नावाची फाइल आधीच आहे, काय करू? मावसभावानं 'वगळा' दाबलं आणि 'सगळ्यांना लागू करा'वर खूण केली. त्याला वाटलं की आधीच उतरलेल्याच फाइली हा पुन्हा विचारतोय. मग दुसऱ्या कार्डाच्या पहिल्या अठ्ठावीस क्लिपा वगळल्या गेल्या, शेवटच्या नऊ उतरल्या. अठ्ठावीस आणि नऊ, सदतीस. आणि कार्डावरही नेमके सदतीसच. मोजदाद जुळली आणि तरी अठ्ठावीस क्लिपा जगात फक्त त्या एका कार्डावर होत्या. त्यानं 'वगळा'ऐवजी 'बदला' म्हटलं असतं तरी फोल्डरमध्ये सदतीसच दिसले असते, फक्त त्या वेळी पहिल्या कार्डाची प्रत पुसली गेली असती.

ते कार्ड मी कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करायला दहा मिनिटं उरली होती. त्या अठ्ठावीस क्लिपांमधली एक मी रात्री उघडून बघितली. आईचा हात ताटातला खण उचलतोय, बांगड्या कोपराकडं सरकल्यात, मागं धूर. मी ती क्लिप मामांना दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हात अगदी आक्काचाच," म्हणजे आजीसारखा. आजीला ते आक्का म्हणत.

मावसभावाला कुणी रागावलं नाही. तो अंगणात जाऊन बसला होता, मामाच उठून गेले आणि त्याला आत घेऊन आले. सोसायटीत त्यांनी हे पाहिलेलं होतं. एकाच आडनावाच्या दोन भावांचं दूध एका ओळीवर चढलं की बेरीज खरी दिसते आणि एकाचे पैसे जातात. म्हणून प्रत्येकाचं पान वेगळं. आम्हीही त्या रात्रीपासून तेच केलं. प्रत्येक कार्डाला स्वतःचा फोल्डर, आणि तो कार्ड लावायच्या आधी करायचा: तारीख, कॅमेरा, कार्डाचा क्रमांक. कार्डावरच्या निवडक फाइली न घेता कार्ड जसंच्या तसं, आतल्या सगळ्या कप्प्यांसकट उचलायचं. कॅमेऱ्याच्या मेन्यूत जाऊन क्रमांक पुढं चालू ठेवायची सोय शोधली, ती होती, इतकी वर्षं मी तिथं गेलोच नव्हतो. आणि वहीत मामांनी एक रकाना वाढवला, 'आजअखेर एकूण'. सगळ्या फोल्डरांची बेरीज रोज रात्री डिस्कवरच्या एकूण नगांशी ताडून बघायची.

फोनवरून कॉपी करू नये असं मी म्हणणार नाही. पुढंही दोनदा केली. पण फोनवरची कॉपी आम्ही 'कच्ची' धरायचो, कार्ड तांबड्या बटव्यातच राहायचं आणि लाईट आल्यावर लॅपटॉपवरून पडताळणी झाली तरच पक्की. केबल ओढण्याआधी 'इजेक्ट' करायचं हेही तेव्हाच कडक केलं. कार्डं आणि बाहेरच्या डिस्का बहुधा एक्सफॅट पद्धतीच्या असतात, आणि तीत लिहिता लिहिता तार निघाली तर झालेली गडबड सावरायला आतली नोंदवही नसते. एका ओढीत अख्खी डिस्क 'फॉरमॅट करा' म्हणायला लागते.

पाचव्या दिवशी रथ. आमच्याकडच्या लक्ष्मी यात्रा ज्यांनी पाहिल्यात त्यांना भंडारा कसा उधळतात ते वेगळं सांगायला नको. घरांची कौलं पिवळी, रस्ता पिवळा, माणसं ओळखू येत नाहीत. 'उदं गं आई उदं' म्हणत रथाचे दोर ओढले जातात आणि पोत्यानं हळद वर जाते. ती हवेत तरंगत राहते, खाली बसतच नाही. कॅमेऱ्यांना मी प्लास्टिक बांधलं होतं. कार्ड बदलायला मात्र दार उघडावंच लागतं. पहिल्या वेळी मी मंडपाच्या आडोशाला बदललं. रात्री ते कार्ड रीडरमध्ये ओळखलंच जाईना. बाहेर काढून दिव्याखाली धरलं. पाठीवरच्या नऊ सोनेरी पट्ट्यांपैकी तिनांवर माझ्या बोटाचा पिवळा ठसा बसला होता, घामानं भिजलेल्या हळदीचा. तोंडानं फुंकायचा मोह होतो, ते करू नये, फुंकेतली वाफ आत जाते. लेन्स साफ करायच्या फुग्यानं हवा मारली, कोरड्या मऊ कापडानं पट्ट्यांच्या दिशेनं हलकेच पुसलं, तिसऱ्या प्रयत्नाला कार्ड उघडलं. सगळं शाबूत होतं. त्यानंतर कार्ड बदलायला मी प्रत्येक वेळी भाताच्या खोलीत आलो, गर्दीतून वाट काढत, दार लावून, हात पुसून. पाच-सहा मिनिटं जायची. तेवढ्या वेळात बाहेर काही घडलं असेल तर ते दुसऱ्या कॅमेऱ्यावर सोडलं.

रथाच्या दिवशी स्पीकरची भिंत घरासमोरच उभी राहिली होती. टेबलावरचा तांब्या थरथरत होता. एसएसडीत फिरणारं काही नसतं, तिला त्याची फिकीर नाही. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि तिच्यापासून केसाहून कमी अंतरावर वाचणारा काटा. हादऱ्यानं तो अडखळतो, कॉपी मंदावते, जोराचा धक्का बसला तर तबकडीला चरा पडू शकतो. म्हणून दुपारपासून रात्री दहापर्यंत हार्ड डिस्कला हात लावायचा नाही असं ठरवलं. ती गादीच्या घडीत गुंडाळून बंद ठेवली. तोवर एकच प्रत एसएसडीवर, आणि दुसरी म्हणजे कार्डं स्वतः, तांबड्या बटव्यात. त्या दिवशी सहाही कार्डं तांबड्यात जमा झाली. शेवटचा तासभर मी एका कॅमेऱ्यानंच काम केलं, पण कुठलंही कार्ड घाईनं मोकळं केलं नाही. माझ्या मते नऊ दिवसांतला तो सगळ्यात बरोबर निर्णय होता.

उन्हाळ्याचे दिवस असल्यामुळं एसएसडीही तापायची. तापली की ती आपणहून वेग कमी करते, पंचवीस मिनिटांचं काम चाळीसवर जातं. मामींनी त्यावर पितळेचं एक जुनं जड ताट आणून दिलं, पालथं घालून त्यावर एसएसडी ठेवली. धातू उष्णता ओढून घेतो, वेग परत आला.

इंटरनेटवर चढवून ठेवायचं का, असं यात्रेच्या कमिटीतल्या एकानं विचारलं होतं. यात्रेच्या दिवशी गावात एवढी माणसं की फोन लागणंच मुश्कील. आणि नेट चाललं असतं, सेकंदाला ५ मेगाबिटचा वेग धरला असता, तरी १०० जीबीला चव्वेचाळीस तास लागले असते. तो विचार सोडला. 'एक प्रत दुसऱ्या ठिकाणी' हे आम्ही माणसांकरवी केलं. थोरल्या मावसबहिणीचे यजमान बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत, यात्रेतही त्यांची ड्यूटी चुकली नाही. पहिली एसएसडी पाचव्या रात्री भरत आली. नग आणि खुणा ताडून झाल्यावर सहाव्या सकाळी ती डब्यात बंद करून भाऊजींच्या जेवणाच्या पिशवीत दिली. ती अनगोळला त्यांच्या घरी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात राहिली. उरलेल्या दिवसांत रात्री दुसरी एसएसडी पलीकडच्या गल्लीत मावशीच्या घरी झोपायला जायची, आणि हार्ड डिस्क मामांच्या कपाटात. कौलारू घरं, चुली पेटलेल्या, मंडपाच्या तारा जागोजागी जोडलेल्या. एका छपराखाली दोन्ही प्रती ठेवायचं धाडस मला झालं नाही.

शेवटच्या रात्री देवी सीमेकडं निघाली. गाव तिच्यामागं धावतं, दिवे विझवलेले असतात, आणि तिथं मी कॅमेरा खाली ठेवला. मामांनीच सांगितलं होतं, तेवढं घेऊ नकोस. घेतलं नाही.

बेळगावला परत आल्यावर दोन्ही एसएसडींवरून घरच्या मोठ्या डिस्कवर तिसरी प्रत केली. पडताळणीला एक रात्र आणि अर्धा दिवस गेला. एकूण ९३४ क्लिपा, वहीतला शेवटचा आकडाही ९३४. मग सहाही कार्डं कॅमेऱ्यातच फॉरमॅट केली, लॅपटॉपवर नाही. ज्या कॅमेऱ्यात वापरायची त्यातच केलेली बरी.

मामांना मी त्या एसएसडींपैकी एक द्यायला निघालो होतो, मग विचार बदलला. वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिलेली एसएसडी हळूहळू आतला भार सोडते. कपाटात ठेवायला फिरत्या तबकडीची हार्ड डिस्कच बरी. मित्राची त्याला परत करायची होती, म्हणून तशीच दोन टीबीची साधी नवी घेतली, भरली, तपासली आणि गावी नेऊन दिली. मामांनी ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली आणि वर मूठभर कडुलिंबाचा पाला घातला, भाताला घालतात तसा. पाल्याला ओल असते, म्हणून तो काढून मी सिलिका जेलच्या पुड्या घातल्या. पावसाळा संपला की त्या बदलायच्या, आणि डिस्क लॅपटॉपला लावून सगळ्या खुणा पुन्हा एकदा काढून बघायच्या, असं आमचं ठरलंय. वहीत त्यासाठी मामांनी मागच्या पानांवर दहा वर्षांचे रकाने आखून ठेवलेत.

परवा त्यांचा फोन आला होता. पाऊस उघडलाय, भात पोटरीला आलंय, आणि हिशेब बघायला कधी येतोस.